कोण वाचतंय? उमेदवाराचं शपथपत्र वाचायची माझी रीत

तहसील कचेरीच्या कुंपणाला लागून माझं टेबल आहे. मी टायपिंग करते. आधी मशिनवर करायचे, २००६ पासून संगणकावर. वारसनोंदीचे अर्ज, भाडेकरार, 'अमुक आणि तमुक ही एकाच व्यक्तीची नावे आहेत' छापाची प्रतिज्ञापत्रं, हे रोजचं. निवडणूक लागली की आठवडाभर उमेदवारांची माणसं येतात आणि मग बाकीच्या कागदांना थांबावं लागतं.

२००४ च्या विधानसभेला पहिल्यांदा 'नमुना २६', म्हणजे उमेदवाराच्या शपथपत्राचा ठरलेला नमुना, माझ्या हाताखालून गेला. तेव्हापासून किती केले याची मोजदाद नाही, पण मागच्या एका निवडणुकीतला प्रसंग डोक्यातून जात नाही. अर्ज भरायचा शेवटचा दिवस, दुपारचे दोन वाजून गेलेले, तीनला मुदत संपणार. उमेदवाराचा माणूस शेजारी उभा राहून सांगत होता, मी बडवत होते. सरकारी कंत्राटांचा रकाना आला. मी थांबले.

"इथं काय घालू?"

"निरंक."

"नाहीयेत, की तुम्हाला माहीत नाहीत?"

तो घड्याळाकडं बघत म्हणाला, "टाका हो काकू. कोण वाचतंय!"

मी टाकलं. टायपिस्टचं काम तेवढंच. तो माणूस कुणाचा होता हे सांगणार नाही, ते धंद्याला शोभत नाही. पण त्या रात्री घरी जाऊन मी तेच शपथपत्र निवडणूक आयोगाच्या साइटवर उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा नमुना २६ नीट वाचला. टाइप करताना बोटं वाचतात, डोकं वाचत नाही. हजार पानं टाइप करूनही माणूस कोरडाच राहतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून दर निवडणुकीत मी माझ्या मतदारसंघातल्या चार-पाच मुख्य उमेदवारांची शपथपत्रं वाचते. माझा भाचा पहिल्यांदा मतदान करणार होता तेव्हा त्यालाही शेजारी बसवलं. तीच रीत इथं लिहिते आहे. उमेदवारामागं एक तास लागतो. सराव झाला की वीस मिनिटं.

त्याआधी एक छोटं काम

मतदार यादीत स्वतःचं नाव बघा. मतदार कार्ड आहे म्हणजे मत आहे, असं होत नाही. नाव यादीत हवं. कार्ड सापडलं नाही तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना असल्या ओळखपत्रावरही मत देता येतं. विधानसभा-लोकसभेला उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादी गोठते, मग कुणाच्याही हातापाया पडून उपयोग नाही. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलला किंवा काही चुकलं असेल तर नमुना ८. वय मोजायला वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात, त्यामुळं मुलाला अठरा पूर्ण झाली की पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागत नाही. एवढं झालं की शपथपत्राकडं वळा.

हा कागद आला कुठून

उमेदवारांना हे सगळं आपण होऊन सांगायची हौस आलेली नाही. अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. पुढं २ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण हे जाणून घेणं मतदाराचा हक्क आहे. संसदेनं कायदा करून तो हक्क पातळ करायचा प्रयत्न केला, तो मार्च २००३ मध्ये न्यायालयानं मोडून काढला. 'जाणून घेणं मतदाराचा हक्क आहे' याचा अर्थ सरळ आहे. हा कागद अधिकाऱ्यासाठी लिहिलेला नाही, तुमच्यासाठी लिहिलेला आहे.

आणि अधिकारी तो तपासतही नाही. इथं बहुतेकांची समजूत चुकते. छाननीच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकारी बघतो ते एवढंच, की सह्या आहेत का, नोटरी आहे का, सगळे रकाने भरलेत का. लिहिलेलं खरं की खोटं हे तो ठरवत नाही. खोटं लिहिलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे, पण त्यासाठी कुणीतरी आधी वाचायला हवं ना!

शोधायचं कुठं

निवडणूक आयोगाचं उमेदवारांच्या शपथपत्रांचं पोर्टल आहे, फोनवर 'नो युवर कँडिडेट' नावाचं ॲप आहे. राज्य, मतदारसंघ निवडला की फोटोसकट यादी येते. एक उमेदवार चारपर्यंत अर्ज भरू शकतो, त्यामुळं एकाच माणसाची दोन-तीन शपथपत्रं दिसतात. सगळ्यात शेवटचं घ्या. आधीच्यात एखादा रकाना राहिला म्हणून दुरुस्त करून पुन्हा दिलेलं असतं. हौस असेल तर दोन्ही शेजारी ठेवून काय बदललं तेही बघा. मला त्यात गंमत वाटते.

माघारीची तारीख गेल्यावर बसा. २०२४ च्या विधानसभेला माघार ४ नोव्हेंबरला संपली आणि मतदान २० ला झालं, म्हणजे मधे पंधरा दिवस मिळाले. त्याआधी वाचायला घेतलं तर निम्मी मेहनत बंडखोरांवर वाया जाते.

फाइल स्कॅन केलेली असते. पानं आडवी, शिक्के अक्षरांवर, एखादं पान उलटं. 'मायनेता' नावाच्या साइटवर हीच माहिती छान तक्त्यात मांडलेली मिळते आणि जुन्या निवडणुकांचीही मिळते. तुलनेसाठी ती वापरा, पण मूळ कागद एकदा तरी डोळ्यांखालून घाला. तक्त्यात आकडा येतो, आकडा कसा लिहिलाय ते येत नाही.

नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तो वेगळा, त्याची साइट वेगळी. शपथपत्र तिथंही असतं.

निरंक, लागू नाही, माहीत नाही

सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं की रकाना कोरा सोडता येणार नाही. त्यामुळं आता काहीतरी लिहावंच लागतं, आणि त्या काहीतरीचे तीन प्रकार आहेत. 'निरंक' म्हणजे मला विचारलेली गोष्ट माझ्याकडं शून्य आहे. 'लागू नाही' म्हणजे हा प्रश्नच मला लागत नाही. लग्न झालेलं नाही तर जोडीदाराच्या रकान्यात हे येतं. 'माहीत नाही' म्हणजे माहीत नाही. आम्ही टायपिस्ट लोक हे तीन शब्द मीठ टाकल्यासारखे टाकतो, पण शपथेवर ते वेगवेगळे आहेत. पेन्सिल घेऊन प्रत्येक 'निरंक'वर खूण करा. ज्याच्याकडं खरंच काही नाही त्याच्या कागदावर निरंक ओळीनं येतात आणि पटतात. जिथं माणसाला बघून तुम्हाला वाटतं की इथं काहीतरी हवं होतं, तिथं खुणेला गोल करा. सहा महिने प्रचाराला एकाच मोठ्या गाडीतून फिरणाऱ्याच्या वाहनांच्या रकान्यात 'निरंक' असेल, तर गाडी कुणाची हा एक प्रश्न तयार झाला. उत्तर अगदी साधंही असू शकतं. भावाची असेल.

मी कुठून वाचायला घेते

शेवटी भाग 'ब' असतो, त्यात गोषवारा येतो: गुन्हे इतके, जंगम इतकी, स्थावर इतकी, कर्ज इतकं. वर्तमानपत्रात येते ती बातमी तिथून उचललेली असते. 'अमुक उमेदवार इतक्या कोटींचे धनी.' तिथून सुरुवात करू नका. एकदा बेरीज डोळ्यांत बसली की बाकीची पानं तिच्या उजेडात दिसायला लागतात. आणि नुसत्या बेरजेला अर्थ नसतो. शहराला लागून आजोबांची चार एकर असेल तर माणूस काही न करता कोट्यधीश होतो.

मी आधी नववा मुद्दा काढते. स्वतःचा आणि जोडीदाराचा व्यवसाय, उत्पन्नाचे मार्ग, आणि त्याखाली ती कंत्राटं. उमेदवारानं, नवरा-बायकोपैकी दुसऱ्यानं, अवलंबितांनी, भागीदारीतल्या फर्मनं, ज्यात वाटा आहे त्या खासगी कंपनीनं सरकारशी किंवा सार्वजनिक (पब्लिक) कंपनीशी केलेले करार तिथं लिहायचे असतात. ज्याला उद्या रस्त्याचे पैसे मंजूर करायचे आहेत त्याच्याच घरात आज रस्त्याचं काम आहे का, हे मला सगळ्यात आधी कळायला हवं असतं. बाकी त्याच्याकडं किती तोळे सोनं आहे ते नंतर बघू.

व्यवसायाच्या पुढं 'शेती व समाजकारण' असं लिहिलेलं फार दिसतं. समाजकारणातून उत्पन्न कसं येतं हा प्रश्न मी कधी टेबलावर विचारला नाही. तुम्ही दारात आलेल्या उमेदवाराला विचारू शकता.

गुन्ह्यांचं पान

इथं दोन्ही बाजूंनी फसायला होतं. 'बारा गुन्हे' ऐकून माणूस दचकतो. वाचायला गेलं तर बाराही आंदोलनाचे असतात. रास्ता रोको, जमावबंदी मोडून मोर्चा, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ आणि १३५. पाण्यासाठी रस्त्यावर बसल्याचा गुन्हा मला तर जमेची बाजू वाटते. उलट एकच गुन्हा असतो आणि तो ठेवीदारांच्या फसवणुकीचा असतो.

म्हणून आकडा सोडा, कलमं बघा. आणि कलमं बघताना आता एक नवी अडचण आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि नंबर सगळे फिरले. खुनाचं ३०२ आता १०३ झालं. खुनाचा प्रयत्न ३०७ होता, आता १०९. फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. विनयभंग ३५४ वरून ७४ वर, सरकारी नोकरावर हल्ला ३५३ वरून १३२ वर, आणि प्रचारात सर्रास लागणारं आदेशभंगाचं १८८ आता २२३. नव्या संहितेतही ३०२ आहेच, पण ते धार्मिक भावना दुखावणारं बोलण्याचं. भाच्यानं एका कागदावर ३०२ बघून "आत्या, खुनी आहे हा!" असं ओरडून घर डोक्यावर घेतलं होतं. गुन्ह्याची तारीख बघितली तर नव्या संहितेनंतरची. तारीख आधी, कलम नंतर.

त्यापुढचा रकाना लोक बघतच नाहीत: न्यायालयानं आरोप निश्चित केलेत का, आणि कोणत्या तारखेला. एफआयआर कुणीही कुणावरही करू शकतो. दोषारोपपत्र पोलीस पाठवतात. आरोप निश्चित करताना मात्र न्यायाधीशानं कागद बघून खटला चालवण्याइतपत मजकूर आहे असं म्हटलेलं असतं. एफआयआर गेल्या महिन्यातली आणि आरोप निश्चित नाहीत, तर मी थांबून विचार करते. निवडणुकीच्या तोंडावर गुन्हे दाखल करायची कलाही आपल्याकडं आहे. आरोप निश्चित होऊन नऊ वर्षं झाली आणि खटला तिथंच, तर मग वेगळा विचार करते.

खटला चालू असला म्हणून उभं राहायला बंदी नाही. साधारणपणे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर अपात्र, तेही सुटल्यानंतर आणखी सहा वर्षं. त्याच्या अलीकडं जे काही आहे त्याचा निकाल तुमच्याकडं.

प्रलंबित गुन्हे असणाऱ्या उमेदवाराला माघारीनंतर ते तीन वेळा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर जाहीर करावे लागतात. जाहिरात बहुधा तुम्ही न वाचणाऱ्या पेपरात, निविदांच्या सूचनांशेजारी येते. पक्षालाही उमेदवार निवडल्यापासून ४८ तासांत सांगावं लागतं की गुन्हे नसलेला दुसरा माणूस का मिळाला नाही. नुसतं 'निवडून येण्याची क्षमता' हे कारण चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये बजावलंय. पक्षांच्या साइटवर ही कारणं असतात. एकदा वाचाच. सगळ्या उमेदवारांना एकाच साच्यातून काढल्यासारखी भाषा असते; एक टायपिस्ट म्हणून सांगते, कॉपी-पेस्ट मला लगेच ओळखू येतं.

जमीन, आणि सातबाऱ्याची पडताळणी

हे पान माझ्या आवडीचं, कारण इथं नुसतं विश्वासावर राहायची गरज नाही. प्रत्येक जमिनीपुढं गाव, गट किंवा सर्व्हे नंबर, क्षेत्र, वडिलोपार्जित आहे का, नसेल तर कधी घेतली, कितीला घेतली, आणि आजचा अंदाजे बाजारभाव लिहायचा असतो.

महाभूलेखच्या साइटवर जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर घातला की सातबारा फुकट बघता येतो. सहीचा हवा असेल तर पैसे पडतात, आपल्याला बघण्यापुरताच हवा आहे. भाच्याच्या फोनवर आम्ही एका उमेदवाराचे तीन गट नंबर घातले. पहिल्या दोनांत नाव जुळलं, क्षेत्र जुळलं. तिसऱ्यात नाव होतं, क्षेत्र होतं, आणि उजवीकडं 'इतर हक्क'मध्ये एका सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता. शपथपत्रात कर्जाच्या पानावर सोसायटीचं नावच नव्हतं, निरंक.

भाचा उड्या मारायला लागला. मी त्याला बसवलं. कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी बोजा कमी करायचा अर्ज कुणी देत नाही. असले अर्ज मी आठवड्याला चार टाइप करते, बहुतेक जमीन विकायची वेळ आल्यावरच. तेव्हा सातबाऱ्यावर बोजा दिसला म्हणजे शपथपत्र खोटं, असं म्हणता येत नाही. एवढंच म्हणता येतं की विचारायला जागा आहे. उमेदवार कोपरासभेला आला तेव्हा भाच्यानं विचारलं. तो चिडला नाही. म्हणाला, कर्ज फेडलंय, दाखला आहे, उद्या पाठवतो. दाखला आला का? आला. व्हॉट्सॲपवर, दुसऱ्या दिवशी सकाळी. आमच्या घरातली दोन मतं त्या एका दाखल्यानं इकडची तिकडं झाली, हे त्या उमेदवाराला आजही माहीत नसेल.

बाजारभावाचा आकडा शासनाच्या रेडी रेकनरशी, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरांच्या तक्त्याशी, ताडून बघा, तोही नोंदणी विभागाच्या साइटवर आहे. बाजारभाव सहसा रेडी रेकनरच्या वर असतो. त्याच्याही खूप खाली लिहिला असेल तर लिहिणाऱ्यानं बहुधा जुनाच आकडा पुढं ओढलाय. सोन्याचंही तसंच. वजन आणि किंमत दोन्ही दिलेलं असतं, भागाकार करा. तोळ्याचा भाव कोणत्या साली होता तेवढा, ते घरातल्या कुणाही बाईला विचारा.

पाच वर्षांचं गणित

२०१९ पासून या नमुन्यात मागच्या पाच आर्थिक वर्षांचं प्राप्तिकर विवरणातलं उत्पन्न लिहावं लागतं, स्वतःचं आणि जोडीदाराचं. आता त्याच उमेदवाराचं मागच्या निवडणुकीतलं शपथपत्र शेजारी ठेवा. वाढलेली एकूण संपत्ती बघू नका, त्यात भाववाढ मिसळलेली असते. खरेदीच्या तारखा बघा आणि या पाच वर्षांत नवीन काय घेतलं तेवढंच वेगळं काढा.

समजा दोघांचं मिळून पाच वर्षांचं उत्पन्न ६० लाख. याच काळात घेतलेला फ्लॅट ८५ लाखांचा आणि जमीन ४० लाखांची, म्हणजे सव्वा कोट. बँकेचं कर्ज ३० लाख दाखवलंय. उरले ९५ लाख. पाच वर्षं एक घोटही पाणी न पिता सगळं उत्पन्न साठवलं तरी ३५ लाख कमी पडतात.

इथंही लगेच निकाल देऊ नका. शेतीच्या उत्पन्नावर कर नसतो, त्यामुळं ते या आकड्यात आलेलं नसू शकतं. उत्पन्नाच्या मार्गांत शेती लिहिली आहे का आणि पिकणारी जमीन किती आहे ते बघा. जुन्या शपथपत्रात असलेला एखादा प्लॉट नव्यात गायब असेल तर तो विकला असेल. नातेवाइकांकडून उसने घेतले असतील तर ते कर्जाच्या पानावर हवेत. यातलं काहीच नसेल, तर ३५ लाखांचा प्रश्न कागदावर लिहून ठेवा.

आणि 'अवलंबित' या शब्दाकडं लक्ष असू द्या. ज्याला स्वतंत्र उत्पन्न नाही आणि जो उमेदवारावर पोसला जातो, तोच अवलंबित. मुलाचा स्वतःचा धंदा सुरू झाला की त्याची मालमत्ता या कागदातून बाहेर. मागच्या वेळी अवलंबितांच्या रकान्यात असलेला मुलगा यावेळी नसेल तर त्यात गैर काही नाही, पोरं मोठी होतातच. फक्त त्याच्याबरोबर काय काय बाहेर गेलं, तेवढं जुन्या कागदावर दिसतं.

शिक्षणाचा रकाना मी सर्वांत शेवटी बघते आणि तिथं फार रेंगाळत नाही. चौथी शिकलेले सरपंच माझ्याकडं येऊन अर्जातल्या चुका दाखवून गेलेत, आणि वकील लोक सही करायच्या जागी तारीख घालतात.

आमदार पुन्हा उभा असेल तर

शपथपत्रातून माणूस कळतो, काम कळत नाही. विधिमंडळाच्या साइटवर कामकाज असतं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना यांत त्याचं नाव शोधा. खासदारांचं सोपं आहे, पीआरएस नावाची संस्था हजेरी, प्रश्न, चर्चा यांचे आकडे देते. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तरं देतात, त्यामुळं मंत्र्यापुढं शून्य दिसलं तर त्याच्या नावानं स्क्रीनशॉट फिरवू नका. असे स्क्रीनशॉट दर निवडणुकीत माझ्या फोनवर येतात. एकाला उत्तर दिलं होतं, त्यानं मला ग्रुपमधून काढलं.

खोटं सापडलंच तर

ओरडू नका आणि फॉरवर्ड करू नका. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं तुम्ही तुमचं उलट शपथपत्र देऊ शकता, पुराव्यासकट. तेही उमेदवाराच्या शपथपत्रासारखंच प्रसिद्ध करावं लागतं. पण लक्षात ठेवा, ते तुमच्याही शपथेवर असतं, ऐकीव गोष्टी त्यात घालता येत नाहीत. कुणी पैसे, वस्तू वाटताना दिसलं तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर जागेवरूनच फोटो टाकता येतो, शंभर मिनिटांत दखल घ्यायची अशी त्याची रचना आहे. साधी शंका असेल तर १९५० या मतदार हेल्पलाइनला फोन लावा.

कागदावर काय उरतं

तासाभरानं माझ्या हातात प्रत्येक उमेदवारामागं एक चतकोर कागद असतो. वर नाव, खाली दोन किंवा तीन प्रश्न. कुणाला काय गुण द्यायचे हे मी लिहीत नाही, ते कागद शेजारी ठेवले की आपोआप जमतं. तो चतकोर मी दाराच्या आत, दिव्याच्या बटणाशेजारी टाचणीनं लावून ठेवते, कारण उमेदवार येतात ते ढोल वाजवत, तीस माणसं घेऊन, आणि हात जोडून दीड मिनिटात पुढं जातात. तेवढ्यात प्रश्न आठवायचा म्हणजे तो डोळ्यांसमोरच हवा.

मतदान झालं की शपथपत्रांच्या फाइली पुसू नका. फोनमध्ये वर्षाच्या नावानं एक फोल्डर करा, २०२४, २०२९ असं. मी कागदी प्रती ठेवायचे, त्यातल्या २००९ च्या गठ्ठ्याला वाळवी लागली. परवा एका माजी आमदाराची २००४ आणि २०१४ ची पानं शेजारी ठेवून बसले होते, आणि मधल्या वर्षांत घेतलेली विहीर त्यानं घेतली की त्याच्या बायकोनं, एवढंच काही केल्या कळेना. शेवटी भाच्यानं मायनेतावरून काढून दिलं. बायकोनं.